तरंग, ध्वनी आणि दोलनांची गणितं: सूत्राआधी विचारायचा प्रश्न

दोलन, तरंग आणि ध्वनी या तीन प्रकरणांत मिळून लक्षात ठेवण्याजोगी सूत्रं दहा-बाराच आहेत. तरीही इथे चुका खूप होतात, आणि त्या पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाहीत. वारंवारता, वेग, तरंगलांबी, ताण, लांबी अशा पाच-सहा राशी एकाच गणितात येतात. त्यांतली कोणती आधीच ठरून गेली आहे आणि कोणती तिच्या मागोमाग ठरते, हे न बघता आकडे भरले की उत्तर भलतंच येतं. म्हणून कुठलंही गणित हातात आलं की सूत्र आठवण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: ही राशी कोण ठरवतं?

उत्तरं थोडकीच आहेत. दोलन करणाऱ्या वस्तूचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, तिची रचना ठरवते: स्प्रिंग किती ताठ आहे, वस्तुमान किती आहे, लंबकाची दोरी किती लांब आहे. आयाम, म्हणजे मधल्या स्थानापासूनचं सर्वांत जास्त विस्थापन, मात्र तुम्ही ठरवता, वस्तू किती ओढून सोडली त्यावरून. पुढे जाणाऱ्या तरंगाची वारंवारता उगम ठरवतो, वेग माध्यम ठरवतं, आणि या दोघांवरून तरंगलांबी निघते. तार दोन्ही टोकांना बांधलेली असेल किंवा हवा नळीत कोंडलेली असेल तर हा क्रम बदलतो. तिथे टोकं तरंगलांबी ठरवतात, माध्यम वेग ठरवतं आणि वारंवारता शेवटी निघते.

हे लगेच वापरून बघा. ६८६ हर्ट्झचा ध्वनी हवेतून पाण्यात शिरला. हवेत वेग ३४३ मीटर प्रति सेकंद आहे, पाण्यात सुमारे १४८०. उगम तोच असल्याने वारंवारता ६८६ हर्ट्झच राहते. हवेतली तरंगलांबी ३४३ ÷ ६८६ = ०.५ मीटर, पाण्यातली १४८० ÷ ६८६ = सुमारे २.१६ मीटर. ‘माध्यम बदललं म्हणून वारंवारता बदलली’ असं कुणी लिहिलं तर त्याने सूत्र बरोबर वापरूनही गणित चुकवलेलं असतं.

लिहायला घेताना

आधी आकृती काढा, मग दिलेल्या राशी एककांसह एका खाली एक मांडा. ग्रॅमचे किलोग्रॅम, सेंटिमीटरचे मीटर तिथेच करून टाका. तारेच्या गणितात ग्रॅम तसेच राहिले तर उत्तर √१०००, म्हणजे जवळजवळ ३२ पटींनी चुकतं, आणि चूक वर्गमुळात दडल्यामुळे पटकन दिसत नाही. कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, हेही आत्ताच बघा. साइन-कोसाइनच्या कंसात वेळ आली की तो कोन रेडियनमध्येच असतो.

दोलनं: समतोल स्थान आधी शोधा

सरल आवर्त गतीची खूण अशी: वस्तू समतोल स्थानापासून जितकी दूर, तितकं तिला परत ओढणारं बल जास्त, आणि तेही त्याच प्रमाणात. हे जमलं की आवर्तकाल = २पाय × √(वस्तुमान ÷ स्प्रिंगचा स्थिरांक). इथे पाय म्हणजे ३.१४ हा आकडा, आणि स्थिरांक म्हणजे स्प्रिंगच्या ताठपणाचं माप. विस्थापन कायम समतोल स्थानापासून मोजायचं. उभ्या टांगलेल्या स्प्रिंगमध्ये नेमकी इथेच फसगत होते, कारण विद्यार्थी स्प्रिंगच्या मूळ लांबीपासून मोजायला लागतो.

एक गणित घेऊ. स्प्रिंगला वस्तू टांगल्यावर ती १० सेंटिमीटर ताणून स्थिर झाली. मग वस्तू आणखी ४ सेंटिमीटर खाली ओढून सोडली. आवर्तकाल किती, कमाल वेग किती?

वस्तुमान दिलेलं नाही, स्थिरांकही नाही. घाबरायचं कारण नाही. वस्तू स्थिर असताना स्थिरांक × ०.१० = वस्तुमान × ९.८ (गुरुत्वीय त्वरण), म्हणून वस्तुमान ÷ स्थिरांक = ०.१० ÷ ९.८. सूत्रात हेच गुणोत्तर लागतं. आवर्तकाल = ६.२८ × √०.०१०२ = सुमारे ०.६३ सेकंद. या भागाला ४ सेंटिमीटरची गरजच पडली नाही, कारण आयाम आवर्तकाल ठरवत नाही. गणितात जास्तीची माहिती दिसली तर अस्वस्थ होऊ नका. ती कुठल्या भागासाठी आहे एवढं बघा.

कमाल वेगाला मात्र ४ सेंटिमीटर लागतात. कोनीय वारंवारता, म्हणजे २पाय × वारंवारता, = √(९.८ ÷ ०.१०) = ९.९ रेडियन प्रति सेकंद. कमाल वेग = आयाम × कोनीय वारंवारता = ०.०४ × ९.९ = ०.४० मीटर प्रति सेकंद, आणि तो समतोल स्थानातून जाताना असतो. टोकाला वेग शून्य आणि त्वरण कमाल: ०.०४ × ९८ = ३.९ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता कुणी विचारलं की वस्तू मधल्या स्थानापासून २ सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या आयामावर असताना वेग किती, तर ऊर्जेचा रस्ता धरा. स्थितिज ऊर्जा विस्थापनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. विस्थापन निम्मं, म्हणून स्थितिज ऊर्जा एकूण ऊर्जेच्या पाव आणि गतिज ऊर्जा पाऊण. वेग कमाल वेगाच्या √०.७५, म्हणजे ०.८७ पट. उत्तर ०.३४ मीटर प्रति सेकंद. ‘अर्धं अंतर, म्हणून अर्धा वेग’ हा अंदाज साफ चुकतो. प्रश्नात वेळ नसेल आणि स्थान-वेग यांचाच संबंध हवा असेल तेव्हा ऊर्जेनेच सोडवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. साइन-कोसाइनच्या वाटेने तेच उत्तर मिळतं, पण चुकायच्या जागा वाढतात.

प्रश्नात वेळ असेल तर मात्र साइन-कोसाइनशिवाय गत्यंतर नाही. टोकापासून अर्ध्या आयामापर्यंत यायला किती वेळ? पाव आवर्तकालात टोकापासून मधोमध येतात, म्हणून त्याचा निम्मा, म्हणजे एक अष्टमांश, असं उत्तर बरेचजण देतात. ते चूक आहे. कोसाइनची किंमत अर्धी होण्यासाठी कोन पाय ÷ ३ लागतो, म्हणजे वेळ आवर्तकालाचा सहावा भाग. उरलेलं अर्धं अंतर वस्तू बाराव्या भागात कापते, कारण मधल्या भागात ती वेगात असते. सहावा अधिक बारावा म्हणजे पाव, हिशेब जुळतो.

लंबकासाठी वस्तुमान गळून पडतं: आवर्तकाल = २पाय × √(लांबी ÷ गुरुत्वीय त्वरण). लांबी लटकवलेल्या गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची. हे सूत्र लहान कोनांपुरतंच आहे. २० अंशांचा आयाम घेतला तर खरा आवर्तकाल पाऊण टक्क्याच्या आसपास जास्त निघतो, ६० अंशांना सुमारे ७ टक्के. गणितात ‘लहान दोलनं’ हे शब्द आहेत का, ते वाचूनच सूत्र लावा.

तरंगाचं समीकरण वाचणं

असं समीकरण समोर आलं समजा: य = ०.०२ × साइन(४ × क्ष − १२० × वेळ), सगळं मीटर आणि सेकंदात. क्ष म्हणजे दोरीवरचं स्थान, य म्हणजे तिथल्या कणाचं विस्थापन.

साइनच्या बाहेरचा आकडा आयाम: २ सेंटिमीटर. क्ष बरोबरचा ४ हा २पाय ÷ तरंगलांबी, म्हणून तरंगलांबी = ६.२८ ÷ ४ = १.५७ मीटर. वेळेबरोबरचा १२० ही कोनीय वारंवारता, म्हणून वारंवारता = १२० ÷ ६.२८ = १९.१ हर्ट्झ. वेग = १२० ÷ ४ = ३० मीटर प्रति सेकंद. दोन पदांची चिन्हं विरुद्ध असल्याने तरंग क्षच्या धन दिशेला जातो. चिन्हं सारखी असती तर उलट दिशेला गेला असता.

इथे दोन वेग आहेत, आणि परीक्षेत त्यांचीच गल्लत करायला लावतात. तरंग ३० मीटर प्रति सेकंद वेगाने पुढे जातो. दोरीचा एखादा कण मात्र जागच्या जागी वर-खाली होतो, आणि त्याचा कमाल वेग ०.०२ × १२० = २.४ मीटर प्रति सेकंद. तरंगाचा वेग माध्यम ठरवतं. कणाच्या वेगात आयाम येतो, म्हणजे हलवणाऱ्याने किती जोरात हलवलं ते येतं. दोरी दुप्पट आयामाने हलवली तर कणांचा कमाल वेग दुप्पट होईल, तरंग मात्र पुढे त्याच वेगाने जाईल.

माध्यम वेग ठरवतं म्हणजे नेमकं काय

तरंगाच्या वेगाची सूत्रं वेगवेगळी दिसत असली तरी सगळ्यांचा साचा एक आहे: वर्गमुळाच्या आत वर ‘परत ओढणारं’, खाली ‘हलायला विरोध करणारं’. तारेसाठी √(ताण ÷ प्रति मीटर वस्तुमान). वायूसाठी √(१.४ × दाब ÷ घनता), जिथे १.४ हा हवेचा आकडा आहे. स्प्रिंगवरच्या वस्तूची कोनीय वारंवारताही √(स्थिरांक ÷ वस्तुमान) अशीच येते. हा साचा डोक्यात असला की सूत्र उलटसुलट लिहिलं जात नाही. ताण वाढला की वेग वाढलाच पाहिजे, जाड तारेत तो कमी झालाच पाहिजे.

त्या १.४ ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ध्वनीच्या वेगाचा हिशेब मांडला, पण त्याच्या मांडणीत हवा दाबली जाताना तिचं तापमान बदलत नाही असं गृहीत होतं. त्या सूत्राने शून्य अंश सेल्सिअसला वेग २८० मीटर प्रति सेकंद येतो. प्रत्यक्षात तो ३३१ आहे. लाप्लासने १८१६ साली दाखवलं की संपीडनं आणि विरलनं (हवा दाबली जाणं आणि विरळ होणं) इतक्या झपाट्याने होतात की उष्णतेला इकडून तिकडे जायला सवडच मिळत नाही, त्यामुळे दाबली गेलेली हवा तापते आणि जास्त ताठ वागते. १.४ चं वर्गमूळ १.१८, आणि २८० × १.१८ = ३३१. गणित सोडवताना गृहीतक तपासणं किती मोलाचं असतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

याच सूत्रावर नेहमीचा एक प्रश्न येतो: तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला तर ध्वनीचा वेग किती होईल? उत्तर: तेवढाच. दाबाबरोबर घनताही दुप्पट होते आणि गुणोत्तर बदलत नाही. तापमान मात्र वेग बदलतं. नेहमीच्या हवामानात दर अंशाला सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंद वाढ धरा. २० अंशांना ३४३.

तार आणि नळी: टोकांपासून सुरुवात करा

बांधलेल्या टोकाला तार हलू शकत नाही, म्हणून तिथे निस्पंद, म्हणजे हालचाल नसलेला बिंदू. हालचाल सर्वांत जास्त असते तो प्रस्पंद. नळीचं बंद टोक म्हणजे हवेच्या विस्थापनाचा निस्पंद, उघडं टोक म्हणजे प्रस्पंद. शेजारच्या दोन निस्पंदांतलं अंतर अर्धी तरंगलांबी, निस्पंदापासून लगतच्या प्रस्पंदापर्यंत पाव. एवढ्यावर आकृती काढता येते आणि आकृतीवरून सूत्र आपोआप मिळतं. पाठ केलेलं सूत्र नेमक्या वेळी दगा देतं, आकृती देत नाही. एक सांगायला हवं: नळीत काढलेली नागमोडी रेघ म्हणजे हवा वर-खाली होते असा अर्थ नाही. ध्वनी अनुतरंग आहे, हवा नळीच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे होते. ती रेघ विस्थापनाचा आलेख आहे.

तार ०.६० मीटर, वस्तुमान ३ ग्रॅम, ताण ७२ न्यूटन. प्रति मीटर वस्तुमान ०.००३ ÷ ०.६० = ०.००५ किलोग्रॅम. वेग = √(७२ ÷ ०.००५) = √१४४०० = १२० मीटर प्रति सेकंद. मूलभूत स्थितीत तारेत अर्धी तरंगलांबी मावते, म्हणून तरंगलांबी १.२० मीटर आणि वारंवारता १२० ÷ १.२० = १०० हर्ट्झ. पुढच्या वारंवारता २००, ३०० अशा.

तारेतून हवेत जाणारा ध्वनीही १०० हर्ट्झचा, पण त्याची तरंगलांबी ३४३ ÷ १०० = ३.४३ मीटर. तारेवरची १.२० आणि हवेतली ३.४३ यांची सरमिसळ करू नका. हवेसाठी तार हा उगम आहे, आणि उगम फक्त वारंवारता देतो.

एका टोकाला बंद असलेल्या नळीत मूलभूत स्थितीत पाव तरंगलांबी मावते, पुढे पाऊण, मग सव्वा. म्हणून वारंवारता १, ३, ५ अशा विषम पटींत येतात. दोन्ही टोकं उघडी असतील तर तारेसारख्याच सगळ्या पटी. मूलभूत वारंवारतेची दुप्पट, तिप्पट म्हणजे दुसरा, तिसरा संवादी; मूलभूतनंतर प्रत्यक्षात येणारी पहिली वारंवारता म्हणजे पहिला अधिस्वर. ‘पहिला अधिस्वर’ आणि ‘तिसरा संवादी’ हे बंद नळीत एकच असतात, तारेत मात्र पहिला अधिस्वर म्हणजे दुसरा संवादी. प्रश्नात कुठला शब्द आहे, तो अधोरेखित करा.

अनुनाद नळीच्या प्रयोगावरचं गणित मला विशेष आवडतं, कारण ते प्रत्यक्ष मापनातली अडचण सोडवतं. ५१२ हर्ट्झचा नादकाटा, पहिला अनुनाद (नादकाट्याबरोबर नळीतली हवा जोरात घुमणं) हवेचा स्तंभ १६.० सेंटिमीटर असताना, दुसरा ४९.५ सेंटिमीटरला. ध्वनीचा वेग काढा. फक्त पहिल्या मापावरून काढला तर ४ × ०.१६० × ५१२ = ३२८, म्हणजे बराच कमी. कारण प्रस्पंद नळीच्या तोंडाशी नसतो, किंचित बाहेर असतो. दोन मापांची वजाबाकी केली की ही त्रुटी दोन्हीकडून सारखीच निघून जाते: ३३.५ सेंटिमीटर म्हणजे अर्धी तरंगलांबी, पूर्ण ०.६७० मीटर, वेग ०.६७० × ५१२ = ३४३ मीटर प्रति सेकंद. त्रुटीही काढता येते. पाव तरंगलांबी १६.७५, मोजलेली १६.०, फरक ०.७५ सेंटिमीटर. ही त्रुटी नळीच्या आतल्या व्यासाच्या सुमारे ०.३ पट असते, म्हणजे व्यास २.५ सेंटिमीटरच्या आसपास असणार.

विस्पंद, डॉप्लर, डेसिबल

जवळच्या वारंवारतेचे दोन ध्वनी एकत्र ऐकले की आवाज लयीत वाढतो-कमी होतो, ते विस्पंद. सेकंदाला येणाऱ्या विस्पंदांची संख्या म्हणजे दोन वारंवारतांतला फरक, पण कोणती मोठी हे ती सांगत नाही. ४४० हर्ट्झच्या नादकाट्याबरोबर तार वाजवली, सेकंदाला ४ विस्पंद आले. तार ४३६ ची असेल किंवा ४४४ ची. ती किंचित ताणली आणि विस्पंद ६ झाले. ताणल्यावर वारंवारता वाढतेच, आणि वाढून फरकही वाढला, म्हणून ती आधीच वर होती: ४४४.

उगम किंवा ऐकणारा हलत असला की ऐकू येणारी वारंवारता बदलते, हा डॉप्लर परिणाम. त्यात चिन्हांचा गोंधळ फार होतो. नियम पाठ करण्याऐवजी काय बदलतंय ते बघा. उगम हलतो तेव्हा हवेतली तरंगलांबीच बदलते. ६०० हर्ट्झचा भोंगा ३० मीटर प्रति सेकंद वेगाने तुमच्याकडे येतोय. एका आवर्तकालात तो स्वतःच थोडा पुढे सरकतो, त्यामुळे पुढची तरंगलांबी (३४३ − ३०) ÷ ६०० = ०.५२ मीटर. ऐकू येणारी वारंवारता ६०० × ३४३ ÷ ३१३ = ६५८ हर्ट्झ. दूर जाताना ६०० × ३४३ ÷ ३७३ = ५५२. उलट भोंगा स्थिर आणि तुम्ही ३० ने त्याच्याकडे जाताय, तर तरंगलांबी तीच राहते, फक्त तरंग तुम्हाला जास्त झपाट्याने भेटतात: ६०० × ३७३ ÷ ३४३ = ६५२. दोन्ही उत्तरं जवळची असली तरी एक नाहीत. उगमाचा वेग छेदात, ऐकणाऱ्याचा अंशात, आणि जवळ येणं असेल तर वारंवारता वाढली पाहिजे, एवढ्यावर चिन्ह ठरवा.

डॉप्लरने ही कल्पना १८४२ साली मांडली आणि तीन वर्षांनी बॉइस बॅलॉटने नेदरलँड्समध्ये रेल्वेवर वादक बसवून ती कानांनी तपासली. एक गैरसमज मात्र अजून टिकून आहे: भोंगा सरळ तुमच्याकडे येत असेल तर स्वर हळूहळू चढत जातो असा. वेग स्थिर असेल तर तो सुरुवातीपासून ६५८ च असतो. वाढते ती तीव्रता.

भिंतीवरून परतणाऱ्या ध्वनीचं गणित दोन टप्प्यांत करा. आधी भिंत ऐकणारी, मग तीच भिंत स्थिर उगम. वरचीच गाडी भिंतीकडे जात असेल तर चालकाला प्रतिध्वनी ६०० × ३७३ ÷ ३१३ = ७१५ हर्ट्झचा ऐकू येईल.

डेसिबलबद्दल थोडक्यात: डेसिबल थेट बेरजेत घेऊ नका, तीव्रता घ्या. ६० डेसिबलची दोन यंत्रं मिळून ६३ होतात, दहा मिळून ७०. लहान उगमापासून मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी, दहापट झालं की २० कमी.

सगळं एकत्र येणारं एक गणित

वरच्या १०० हर्ट्झच्या तारेचा तिसरा संवादी, २० अंशांच्या हवेतल्या एका बंद नळीच्या मूलभूत वारंवारतेशी तंतोतंत जुळतो. नळीची लांबी किती? हवा ३० अंशांपर्यंत तापली आणि तारेचा ताण मुद्दाम तोच ठेवला, तर काय ऐकू येईल? आणि ते घालवण्यासाठी ताण किती हवा? आधी स्वतः करून बघा, टोकाची त्रुटी सोडून द्या.

तिसरा संवादी ३०० हर्ट्झ. हवेतली तरंगलांबी ३४३ ÷ ३०० = १.१४ मीटर, तिचा पाव म्हणजे ०.२८६ मीटर ही नळीची लांबी. तापमान १० अंशांनी वाढलं, वेग ३४९ झाला. नळीची लांबी बदललेली नाही, म्हणून तरंगलांबी तीच राहिली आणि वारंवारतेला वाढावं लागलं: ३०० × ३४९ ÷ ३४३ = ३०५ हर्ट्झ. तारेच्या वेगाशी हवेच्या तापमानाचा संबंध नाही, ती ३०० वरच आहे. सेकंदाला सुमारे ५ विस्पंद ऐकू येतील. ते घालवायला तारेची वारंवारता ३४९ ÷ ३४३ पट करायची, आणि वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने ताण या गुणोत्तराच्या वर्गाइतका वाढवायचा: ७२ × १.०३५ = ७४.५ न्यूटन.